भाषेचा रकाना

जिन्याखालची ही खोली आधी खेळाच्या सामानाची.
दमट दिवशी अजून
बॅडमिंटनच्या कुजलेल्या जाळ्यांचा वास येतो.
दारावर पाटी आहे: संसाधन कक्ष.
मुलं म्हणतात, ‘वो नीचेवाला रूम’.
झाडणारी रुकमाबाई म्हणते, ‘मेडम को कमरो’.
मी काहीच म्हणत नाही.
किल्ली माझ्याकडे असते, तेवढं पुरे.

अद्वय मुंगी. वय सात, दुसरी ब.
फाईल त्याच्या दप्तरापेक्षा जाड.
सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत फाटकाशी येते
(साऱ्या इंदूरला तिचा केवढा अभिमान)
तेव्हा तो कान दाबून टेबलाखाली जातो.
मीही जाते.
खुर्चीत बसून धीर देता येत नाही कुणाला,
आणि खालून निदान
फळीला चिकटवलेलं कुणाचं तरी जुनं च्युइंगम
दोघांना सारखंच दिसतं.

फॉर्मवर ‘घरची भाषा’ असा रकाना आहे.
तिथं त्याच्या आईनं लिहिलंय: हिंदी.
त्याखाली आधीचं काही खोडलेलं.
रबर शेवटच्या अक्षरावर जोरात फिरलंय,
पहिली दोन राहून गेलीत.
उजेडात धरलं की वाचता येतं:
मरा.

ती सांगत होती:
तीन वर्षांचा झाला तरी बोलेना.
पलासियाचे डॉक्टर म्हणाले, एकच भाषा ठेवा घरात,
शाळेची ठेवा, पोराचा गोंधळ होतोय.
आम्ही ठेवली.
पहिले काही दिवस हसू यायचं,
नवरा-बायको एकमेकांशी पाहुण्यांसारखे बोलायचो.
मग हसू यायचं थांबलं.
(हे सगळं हिंदीत. अद्वय शेजारी बसला होता ना.)

मग मराठी कुणाशी बोलता, मी विचारलं.
तिनं जरा विचार केला.
दुधाशी, म्हणाली.
कुकरशी. कधी देवाशी, भांडायचं असलं तर.

तेव्हाच सांगायला हवं होतं मला
की तो सल्ला चुकीचा होता, बाई,
दोन भाषांनी कुठलं मूल मुकं होत नाही.
चार वर्षं मागे जाऊन सांगायला हवं होतं.
मी टिश्यूचा डबा पुढे सरकवला.
तिनं एक काढून
अद्वयचं नाक पुसलं.

त्याच्याकडे चौदा कार्डं आहेत.
पानी. भूख. बस. बाथरूम.
‘नहीं’ सगळ्यात मळलेलं,
कोपरे गोल झालेत त्याचे.

गुरुवारी तिसऱ्या तासाला
लाईट जाऊन परत आली.
पंखा कुरकुरत सुरू झाला,
मग फार जोरात फिरू लागला, खडखडायला लागला.
मी टेबलाखाली जायच्या तयारीत.
अद्वयनं कार्डं खाली ठेवली,
मान वर केली,
आणि पंख्याला म्हणाला, थोडा वैतागून, मायेनं,
‘थांब रे बाबा, आलेच.’

आलेच.
आलोच नव्हे.

शास्त्रात याला नाव आहे, माझ्या रजिस्टरात रकानाही.
तिथं खूण करून मोकळं होता आलं असतं.
मी पेन्सिल उचलली
आणि नुसती हातात धरून बसले.
कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात
चार वर्षं एक मूल उभं होतं,
दुधाला दिलेलं ऐकत.

पंखा थांबला नाही. मी उठून बंद केला.
तो पुन्हा कार्डं मांडायला लागला,
डावीकडून उजवीकडे, जणू काही झालंच नाही.

सुट्टीला ती अ‍ॅक्टिव्हावर आली, सुदामानगरहून, घाईत,
हेल्मेटची काच वर करून.
मनात बरीच वाक्यं जुळवली होती मी,
त्यातलं एकही आठवेना.
मराठीत विचारलं,
‘दूध वर येतं तेव्हा
काय म्हणता हो तुम्ही त्याला, नेमकं?’

‘क्यों?’ ती म्हणाली.
अद्वय ‘बस’चं कार्ड घेऊन मागच्या सीटवर चढत होता.
तिनं गाडी बंद केली.
मग हेल्मेट काढलं.